जर्मन पट्टीचे तीन वाटे

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा एका जर्मन माणसाचे कैचीने तीन तुकडे केले गेले. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो. आता राग आलाच आहे, तर सगळंच सांगून टाकतो.

वस्तू अगदी लहान होती. चार बोटांपेक्षा थोडी लांब आणि करंगळीपेक्षा थोडी रुंद अशी एक पट्टी. मागे काळपट लोकरीचं जाड कापड, त्याला एक पिन, आणि पुढच्या बाजूला एकमेकींना लागून शिवलेल्या तीन रंगीत फिती. जर्मन सैन्यातली माणसं रोजच्या गणवेशावर सगळी पदकं लटकवून हिंडत नसत, त्या पदकांच्या फितींचे एवढेसे तुकडे ओळीने लावत. फितीचे रंग सांगतात पदक कोणतं. फितींचा क्रम सांगतो माणूस कोणत्या संस्थानातला, बंदूक घेऊन लढला की कचेरीत बसला, नोकरी किती वर्षं केली. वाचता येणाऱ्याला ती पट्टी म्हणजे त्या माणसाची जन्मपत्रिकाच. आणि पत्रिका फाडून तीन भावांत वाटली तर तिघांनाही काय कळणार?

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत गेले होते. खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथला भाताची शेती करणारा माणूस बर्फात गेला आणि परत आला, हेच गावाला नवल होतं. येताना त्यांनी ही पट्टी आणली. तिची हकीकत ते मोजक्या शब्दांत सांगत. एक म्हातारा जर्मन पकडला गेला होता, त्याचे पाय गारठून बधिर झाले होते, त्याला चालता येत नव्हतं. आजोबांनी त्याला पाठुंगळी घेतला आणि डोंगर उतरून खाली दवाखान्याच्या तंबूपर्यंत आणला. लाकडाच्या मोळ्या लहानपणापासून पाठीवर वाहिलेल्या, म्हातारा काही जड नव्हता म्हणत. खाली आल्यावर त्या माणसाने छातीवरची पट्टी काढली आणि आजोबांच्या खिशात घातली.

या हकीकतीवर घरात कुणीही विश्वास ठेवला नाही. आजोबांच्या आईने ती वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावरून उपटलेली असणार, घराला बाधा होईल, असं तिचं म्हणणं. त्यामुळे कित्येक वर्षं ती गोठ्यात खुंटीला टांगलेल्या डब्यात पडून होती. आजोबा चिडायचे. डबा काढून दाखवायचे आणि दर वेळी तेच बोलायचे, "मेल्याची नाय ती. जित्या मानसानं सोताच्या हातानं दिलेली हाय." आम्ही पोरं मान हलवायचो आणि पाठ वळली की एकमेकांकडे बघून हसायचो.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी तीन भाऊ वेगळे झाले. थोरले काका, माझे वडील आणि धाकटे काका. शेतं वाटली, भांडी वाटली. एक मोठा पितळी हंडा होता, तो थोरल्यांनी घेतला आणि त्याच्या बदल्यात दोघांनी दुसरं काही घेतलं. हंडा कापायचं कुणाच्या मनात आलं नाही. एवढी अक्कल होती. पण डबा उघडला, पट्टी निघाली आणि पंच म्हणून बसलेल्या एका शहाण्याने तोंड उघडलं. ही वडलांची आठवण आहे, ती एकाच्याच घरात कशी जाणार, तिघांना सारखी पाहिजे. फितीही नेमक्या तीनच. माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली कैची मागवली. पहिली फीत थोरल्याचा मान म्हणून थोरल्या काकांना, मधली माझ्या वडलांना, शेवटची पिनेसकट धाकट्यांना. मी तेव्हा कॉलेजात होतो, तिथेच दाराला टेकून उभा होतो. मी एक शब्द बोललो नाही. उलट कैची मीच आणून दिली होती.

पुढे मी कुंभिवलीजवळच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. माझं काम रंग जुळवायचं. गिऱ्हाईक नमुना पाठवतो, त्या नमुन्याला आपला रंग तंतोतंत बसला पाहिजे. पिवळ्यात किती तांबडेपणा आहे, काळ्याच्या पोटात निळा आहे की हिरवा, हे मी डोळ्याने सांगायचो आणि मग यंत्र तेच सांगायचं. हाताखालच्या लोकांना माझा फार जाच वाटत असे. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला मी सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचो. रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीपाशी, कापड हातात घेऊन, उलटसुलट करून, दोरा उसवून. हा नियम मी शेकडो वेळा घोकून घेतला असेल. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढे तो मीच मोडला.

निवृत्त झाल्यावर मी कर्जतला भिसेगावात राहायला आलो. वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत हिंगाच्या डबीत त्यांचा तुकडा सापडला. काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि मध्ये एक तांबडी रेघ. हात रिकामे होते, डोळे अजून शाबूत होते. मोबाइलवर शोधता शोधता कळलं की जगभर माणसं अशा पट्ट्या ओळखायचं काम करतात, एकमेकांना फोटो दाखवतात आणि हमरीतुमरीवर येऊन भांडतात. मी त्यांच्यात सामील झालो. माझ्या तुकड्याचं नाव आठवड्यात कळलं. पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्यांना पुढे बऱ्याच वर्षांनी क्रॉसच्या आकाराचं एक पदक मिळालं, त्याची ही फीत. लढलेल्यांच्या फितीवर दोन छोट्या तलवारींचं चिन्ह असे. माझ्या फितीवर तलवारी नव्हत्या. आणखी एक गोष्ट होती. शिंप्याने शिवताना फीत किंचित सरकवली होती, त्यामुळे तांबडी रेघ बरोबर मधोमध न येता डावीकडे कललेली होती.

इकडे ओळखीचे लोक विचारायला लागले, काय, हिटलरचा भक्त झालास काय? काही जण तर हे कौतुकाने विचारायचे, त्यांची तर जास्तच चीड यायची. चौकला माझा चुलतभाऊ, म्हणजे धाकट्या काकांचा मुलगा, गॅरेज चालवतो. त्याच्याकडे तिसरा तुकडा बघायला गेलो तर तो त्याने टेंपोच्या काचेला आतून लटकवलेला, लिंबू-मिरचीच्या शेजारी. वर मला म्हणे, जर्मन माल आहे, टेंपोला लाभतो. लाखो माणसं मारणाऱ्यांच्या काळातली वस्तू, आणि याला लाभते! मी त्याला वाटेल तसं बोललो. तो हसत पाना फिरवत राहिला. फीत उन्हाने राखाडी पडली होती. पण मी काही कच्चा नव्हतो. मागची दुमड उसवली, आत ऊन न लागलेला पदर निघाला, आणि तो गव्हातल्या रानफुलासारखा स्वच्छ निळा होता. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्यांना मिळणाऱ्या पदकाची फीत. उन्हाने खाल्लेला रंग मी आतून हुडकून काढला, याचा मला इतका गर्व झाला की परत येताना मी गाडीत एकटाच बोलत होतो.

राहिली पहिली फीत, सगळ्यात महत्त्वाची. ती थोरल्या काकांकडे, गावी. वडील आणि थोरले काका वाटणीनंतर बोलत नव्हते, आणि ते वैर मी इमानेइतबारे पुढे चालवलं होतं. मी दारात गेलो, आत ये म्हटलं तरी गेलो नाही. काकीने देवघरातून एक डबी आणली आणि उघडून धरली. पडवीत ट्यूबलाइट लावलेला होता. मी मोबाइलने तीन फोटो काढले आणि निघालो. पिवळी फीत, कडेला दोन काळ्या पट्ट्या. शिवणीचा दोराही पिवळा. इतर दोन तुकड्यांवर दोरा पांढरा होता हे मला आठवलं, आणि मी स्वतःलाच समजावलं की शिंप्याने फितीला साजेसा दोरा वापरला असेल.

घरी येऊन शोधलं. पिवळ्यावर कडेला दोन काळ्या पट्ट्या ही व्युर्टेम्बर्ग नावाच्या जर्मन संस्थानाच्या शौर्यपदकाची फीत. मी हरखून गेलो. आजोबांनी पाठीवर आणलेला म्हातारा म्हणजे तरुणपणचा वीर! मी तिन्ही तुकड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून सगळ्यांना दाखवले. पोलंडमधल्या एका जाणकाराने लगेच शंका काढली. शौर्याचं पदक आहे, मग मधल्या फितीवर तलवारी का नाहीत? लढला नाही तर शौर्य कुठे गाजवलं? प्रश्न अगदी साधा होता, आणि बरोबर होता. मी त्याला लिहिलं की तलवारी गळून पडल्या असणार, आणि मी रंगाच्या धंद्यात आयुष्य घातलेलं आहे, मला शिकवू नका. तलवारी गळल्या असत्या तर त्यांच्या टोकांची भोकं फितीवर दिसली असती. ती नव्हती. मी भोकं बघितलीच नाहीत.

ते फोटो बघून जर्मनीतून एका बाईंनी मला लिहिलं. वय नव्वदीला टेकलेलं. मोबाइलमधल्या भाषांतराच्या आधाराने आमचं बोलणं चाले. त्यांचे वडील रेल्वेत अधिकारी. पहिल्या युद्धात आगगाड्यांच्या कामावर होते, दुसऱ्या युद्धात पुन्हा बोलावून इटलीत पाठवले, आणि एका हिवाळ्यात डोंगरात बेपत्ता झाले. प्रेत सापडलं नाही, कैद्यांच्या यादीत नाव नाही. बाई तेव्हा शाळेत जात होत्या. त्यांनी वडलांचा शेवटचा फोटो पाठवला. गणवेशातला प्रौढ माणूस, डोळे थकलेले, छातीवर तीन फितींची पट्टी. त्यांचा प्रश्न एकच होता. ही पट्टी माझ्या वडलांची आहे का, आणि असेल तर ती घेतली तेव्हा ते जिवंत होते का? थंडीत एकटेच पडून मेले, असं मी जन्मभर समजत आले आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी फोटो मोठा करून बघितला. मधल्या फितीची मधली रेघ डावीकडे कललेली होती. हिंगाच्या डबीतला तुकडा काढून शेजारी धरला. तीच रेघ, तोच कल. त्या क्षणी मी उठून गावी जायला हवं होतं. भिसेगावातून आमचं गाव काही परदेशात नाही. पण मी उठलो नाही, मी विचार करत बसलो. माझ्या हुशारीने माझा घात केला.

विचार असा. फोटो काळापांढरा. त्या काळच्या काही फिल्मना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा त्यांच्यावर फिका उमटे, पिवळा आणि तांबडा गडद. फोटोतली तिसरी एकरंगी फीत नोकरीची, म्हणजे निळी, आणि ती चांगली फिकी उमटली होती, म्हणजे फिल्म त्याच जातीची. मग पहिली फीत पिवळी असती तर ती गडद दिसली असती. पण ती दिसत होती पांढरीशुभ्र, कडेला दोन काळ्या पट्ट्या. म्हणजे बाईंच्या वडलांची फीत पांढरी आणि आमची पिवळी. सरळ हिशेब. पांढऱ्यावर दोन काळ्या पट्ट्या ही न लढलेल्यांना मिळणाऱ्या आयर्न क्रॉस या पदकाची फीत, रेल्वेच्या माणसाला शोभेल अशीच. आमचा म्हातारा व्युर्टेम्बर्गचा वीर. दोन वेगळी माणसं. राहिली ती कललेली रेघ, तर तो योगायोग.

हे सगळं मी त्यांना भलंमोठं पत्र लिहून समजावलं. फिल्म, रंग, संस्थानं, सगळं. शेवटी लिहिलं की ही पट्टी तुमच्या वडलांची नाही, याची मी खात्री देतो. खात्री! आणि आजोबांची हकीकत, पाठुंगळीची, तंबूची, स्वतःच्या हाताने खिशात घातल्याची, मी लिहिलीच नाही. माणूसच वेगळा निघाला, तर ती गोष्ट त्यांना सांगून काय उपयोग, असं वाटलं. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं. एवढी मेहनत घेतल्याबद्दल आभार, आता मी शोधणं थांबवते. मला ते पत्र वाचून समाधान वाटलं होतं. एका म्हाताऱ्या बाईला खोट्या आशेतून सोडवलं, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, आशा खोटी की खरी हे तुम्ही कोण ठरवणार, बाईंना वडील हवे होते. मी तिच्यावरही डाफरलो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी थोरले काका पडले, कमरेचं हाड मोडलं. वैर असलं तरी बघायला जाणं भागच होतं. मी गेलो तो खंडेनवमीचा दिवस. सकाळची वेळ. अंगणात कोयते, पहार, विळे धुऊन मांडलेले. काकांशी दोन शब्द बोललो आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच त्या घराच्या आत, देवघरापर्यंत गेलो. काकी पाटावर बसली होती. पुढे एका वाटीत दाट हळदीचं पाणी. तिने डबी उघडली, फीत काढली, त्या पाण्यात सबंध बुडवली, बोटांनी दाबून दाबून वर काढली आणि विळ्याशेजारी स्वच्छ फडक्यावर सुकायला ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय चाललंय हे, म्हणून मी ओरडलो. काकी दचकली नाही. दर वर्षीच करते म्हणाली. वाटणीत फीत आली तेव्हा सासूने, म्हणजे माझ्या आजीने, बजावलं होतं, मेल्याची वस्तू आहे, घरात ठेवायची तर हळदीतून काढल्याशिवाय ठेवू नकोस. तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं.

तिच्या पानाच्या डब्यातला चुना शेजारीच होता. मी बोटावर घेतला आणि फितीच्या कडेला टेकवला. पिवळा रंग डोळ्यांदेखत लालभडक झाला. हळदीला चुना लावला की लाल होते, हे लहान मुलालाही माहीत असतं. मी रंगाचा माणूस. दोरासुद्धा पिवळा झालेला बघून मला हळद आठवली नाही. चाळीसएक वर्षं दर खंडेनवमीला एकसारखी हळद, दोन्ही बाजूंनी, डाग न पडू देता, मग अंधाऱ्या डबीत. माझ्या कारखान्यात इतका एकसारखा रंग कुणी चढवला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. खालची फीत पांढरी होती. पांढऱ्यावर दोन काळ्या पट्ट्या.

मी काकीला नको नको ते बोललो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, तुझ्या हळदीपायी मी त्या जर्मनाच्या मुलीला खोटं लिहिलं, जे तोंडाला येईल ते. आतून काकांनी विचारलं काय झालं, तरी मी थांबलो नाही. काकीने मला सगळं बोलून घेऊ दिलं. मग फडक्याने हात पुसत म्हणाली, "तू रंगातला मानूस ना रं? पाच मिंटं दारात हुबा राह्यलास, फोटू काढलास नि गेलास. मला इचारलंस का, काकी, ही पिवळी कशानं झाली म्हनून?"

मी विचारलं नव्हतं. शेवाळ चढलेल्या दगडासारखं ते वैर मी इतकी वर्षं जपलं होतं, आत पाऊल टाकायला जड जात होतं, म्हणून ट्यूबलाइटखाली, हात न लावता, मोबाइलच्या काचेतून रंग बघितला होता. हाताखालच्या एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं. मी काकीची माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नाही मागितली. तिने ओली फीत फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि घेऊन जा म्हणाली.

तिथून तसाच चौकला गेलो. चुलतभावाने काही न विचारता काचेवरचा तुकडा काढून दिला. मागितला असतास तर तेव्हाच दिला असता, तू नुसता शिव्या देऊन गेलास, एवढं मात्र बोलला. घरी येऊन तिन्ही तुकडे मी गॅलरीत उजेडात लावले. कैचीचे काप एकमेकांत बसले. हळदीखालची पांढरी-काळी, मग कललेल्या रेघेची, मग निळी. फोटोतल्या माणसाच्या छातीवर होती तीच, त्याच क्रमाने. तलवारी नव्हत्या, कारण त्या कधीच नव्हत्या. त्या पोलिश माणसाला मी दोन ओळी लिहिल्या आणि त्याचं उत्तर न वाचता बाईंना पत्र लिहायला बसलो. या वेळी आधी आजोबांची हकीकत लिहिली. म्हातारा जिवंत होता, पाठीवर आणला, खाली तंबूत पोचवला, त्याने स्वतःच्या हाताने पट्टी काढून दिली. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही, पण तो एकटा नव्हता. मग हळदीबद्दल लिहिलं. हे शेवटचं समजावून सांगायला फार वेळ लागला. चूक माझी आहे हे मी तीन वेळा लिहिलं, दोनदा खोडलं.

उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. आई मे महिन्यात गेली, असं त्याने कळवलं होतं. माझं पहिलं पत्र आल्यावर तिने वडलांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला होता. आता तो पुन्हा लावला आहे. पट्टी पाठवतो असं मी लिहिलं होतं, त्यावर त्याने नको म्हटलं. "तुमच्या दुसऱ्या पत्रात जे आहे तेवढंच आई आयुष्यभर विचारत होती," असं लिहून त्याने पत्र संपवलं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला उलट भांडता तरी आलं असतं.

माझा राग अजून गेलेला नाही. कैची मागवणाऱ्या त्या पंचावर आहे, तो कधीच वर गेला. आजोबांच्या आईवर आहे, जिला मी पाहिलंही नाही. टेंपोवर आहे, हळदीवर आहे. पण हे सगळं मोजून झालं की उरलेला सगळा राग त्या माझ्या पहिल्या पत्रावर येतो. हळद काकीची होती, खात्री माझी होती. आजोबांची हकीकत त्या पत्रात चार ओळींत मावली असती. पट्टी कुणाचीही असो, इटलीच्या त्या डोंगरात कुणीतरी कुणाला पाठीवर घेऊन उतरलं होतं, एवढं ऐकूनही त्या बाई कदाचित जरा निवांत झोपल्या असत्या.

यंदा खंडेनवमीला मी आपण होऊन गावी गेलो. काका आता काठी घेऊन चालतात. काकीने विळे धुतले, हळद कालवली, आणि रिकाम्या डबीकडे बघून मला विचारलं की त्या जर्मनाच्या पोरीला कळवलंस का. मी सगळं सांगितलं. मे महिन्याचं, कपाटातल्या फोटोचं, मुलाच्या पत्राचं. काकी हळदीच्या वाटीत बोट फिरवत ऐकत होती.

"म्हंजी तुजा आजा खरं बोलत व्हता," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं. काकीने वाटीतली हळद कोयत्यांना लावली, आणि उरलेली अंगणात तुळशीच्या बुंध्याशी ओतली.